एल्डरफ्लॉवर लिकर घातलं की सगळी कॉकटेल्स सारखीच का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा: हौसेने एल्डरफ्लॉवर लिकरची, म्हणजे एल्डरच्या फुलांच्या वासाच्या गोड मद्याची, बाटली आणली. जिन आणि लिंबात घातलं, टॉनिकमध्ये घातलं, व्हिस्कीतही घालून पाहिलं. दर वेळी पहिला घोट सुरेख लागतो, पण अर्धा ग्लास संपेपर्यंत अत्तर प्यायल्यासारखं वाटायला लागतं आणि तिन्ही पेयं एकाच चवीची होतात. तीन महिन्यांत बाटलीचा वासही उतरलाय. नेमकं काय चुकतंय? लिकरऐवजी एल्डरफ्लॉवर सिरप चालेल का? आणि घरी करता येईल का?

बरीच वर्षं बारच्या मागे उभं राहून मी हे लिकर ओततो आहे आणि तुमची पहिली तक्रार मी स्वतः करून चुकलो आहे. एका हंगामात मी बनवलेल्या यादीत सातांपैकी तीन कॉकटेल्समध्ये हे लिकर होतं. एका टेबलावर तिन्ही गेली आणि पाहुण्यांनी विचारलं, "यात फरक काय आहे?" जिन वेगळी, फळं वेगळी, ग्लास वेगळे, तरी लक्षात राहिली ती एकच चव. त्या रात्रीनंतर मी मापं पुन्हा पहिल्यापासून मांडली. तुमच्या बाटलीत दोष नाही. तिच्याकडून तुम्ही गोडवा आणण्याचं काम करून घेताय, आणि तिचं खरं काम सुगंधाचं आहे.

आधी हे फूल काय आहे ते बघू. एल्डर म्हणजे सांबुकस नायग्रा, युरोपभर कुंपणांच्या आणि रानांच्या कडेने वाढणारं मोठं झुडूप. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत त्याला बारीक, सायीच्या रंगाच्या फुलांचे छत्रीसारखे पसरट गुच्छ येतात. त्यांचा वास गुलाब किंवा मोगऱ्यासारखा निव्वळ फुलाचा नसतो. त्यात मस्कट द्राक्ष असतं, लिची असते, पिकलेला नाशपती असतो, थोडा मध आणि मागे नुकतं कापलेलं गवत. या वासामागे रोझ ऑक्साइड, लिनालूल, हॉट्रिएनॉल अशी संयुगं आहेत. यातलं रोझ ऑक्साइड हेच लिचीच्या आणि गेवुर्त्सट्रामिनर वाइनच्या ओळखीच्या वासाचंही मुख्य कारण. म्हणून हे लिकर पिताना अनेकांना लिचीची आठवण येते.

आता मुद्द्याची गोष्ट. असा फळासारखा वास नाकात गेला की मेंदू गोडाची अपेक्षा धरतो आणि जिभेला पेय आहे त्यापेक्षा गोड वाटतं. बाटलीतली साखर मात्र त्या मानाने बेताची असते. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे लिकर म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के अल्कोहोल लागतं. एल्डरफ्लॉवर लिकर साधारण २० टक्के अल्कोहोलचं असतं. हिशेबासाठी त्यात लिटरला १८० ग्रॅम साखर धरू. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या साध्या सिरपमध्ये लिटरला सुमारे ६१५ ग्रॅम असते. म्हणजे सिरपच्या एका चमच्याइतका गोडवा आणायला या लिकरचे जवळजवळ साडेतीन चमचे लागतील.

तुमचं जिन-लिंबू या हिशेबात बसवून बघा. ४५ मिली जिन आणि २२ मिली लिंबाचा रस असेल तर आंबट-गोडाचा तोल साधायला ९ ग्रॅमच्या आसपास साखर लागते. तुम्ही ३० मिली लिकर घातलंत तर साखर मिळाली ५.४ ग्रॅम. आंबट लागलं म्हणून माप ४५ मिलीवर नेलंत, साखर ८ ग्रॅम झाली, जिभेचा तोल जमला. पण तोवर सुगंध गरजेच्या तिप्पट झालेला असतो. शिवाय २० टक्क्यांचे ४५ मिली म्हणजे ४० टक्क्यांच्या जिनचे आणखी २२ मिली, तेही नकळत पोटात जातात.

यावर उपाय सरळ आहे: गोडवा सिरपकडून घ्या, सुगंध लिकरकडून. जिन ४५ मिली, पिवळ्या लिंबाचा (लेमनचा) रस २२ मिली, एल्डरफ्लॉवर लिकर १५ मिली, साधं सिरप १० मिली. भरपूर बर्फात जोरात शेक करा आणि गाळून घ्या. यात साखर तेवढीच, ९ ग्रॅमला जरा कमी, पण सुगंध एक तृतीयांश. जुनिपर, म्हणजे जिनला तिचा मुख्य वास देणारं फळ, परत ऐकू येतो, लिंबू स्वच्छ राहतं, आणि फूल घोट गिळल्यावर मागून येतं. ते तिथेच यायला हवं. सिरप मुळीच वापरायचं नसेल तर लिकर ३० मिली ठेवा आणि लिंबू १५ मिलीवर आणा. तोही तोल जमतो, फक्त ते पेय मग उघडपणे एल्डरफ्लॉवरचंच होतं.

पहिला घोट छान आणि नंतर अत्तर, हे का होतं त्याचंही कारण आहे. थंडी गोडवा आणि वास दोन्ही दाबते. शेकरमधून आलेलं पेय शून्याच्याही खाली गेलेलं असतं, तेव्हा जास्तीचं लिकर लपून राहतं. पाच-सात मिनिटांत ते कोमट व्हायला लागतं आणि लपलेलं सगळं वर येतं. म्हणून नवीन कॉकटेल ठरवताना मी पहिल्या घोटावर कधीच निकाल देत नाही. ग्लास बाजूला ठेवतो, दुसरं काम उरकतो आणि परत येऊन चाखतो. पहिल्या घोटाला "थोडं कमी पडलं का?" असं वाटलं तर बहुतेक वेळा माप बरोबर असतं.

टॉनिकच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. नेहमीच्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ८ ग्रॅमच्या आसपास साखर असते. १५० मिली ओतलंत की १२ ग्रॅम साखर आधीच ग्लासात आहे. त्यावर ३० मिली लिकर म्हणजे गोडावर गोड. १० मिली पुरतं. टॉनिक अर्धं आणि सोडा अर्धा घेतलात तर १५ मिलीपर्यंत जा. टॉनिकमधल्या क्विनीनचा कडवटपणा या फुलाला फार मानवतो, पण साखरेने तो झाकला नाही तरच. वर ग्रेपफ्रूटच्या सालीची पट्टी पिळा. संत्र्याची साल मी टाळतो, तिच्याने सगळं आणखी गोड भासतं.

व्हिस्कीचं मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे चूक मापाची कमी आणि जोडीदाराची जास्त आहे. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला नव्या जळक्या ओकमधून व्हॅनिला आणि कॅरामल मिळालेलं असतं. ते दोन्ही वास वजनदार असतात आणि एल्डरफ्लॉवर त्यांच्याखाली दबतं. दिसत नाही म्हणून आपण आणखी ओततो आणि शेवटी हातात येतं ते फुलाचा वास मारणारं कॅरामल. गडद रमचंही तेच होतं. व्हिस्कीत वापरायचंच असेल तर धुराचा वास नसलेली, हलकी स्कॉच घ्या: ६० मिली स्कॉच, १० मिली लिकर, ऑरेंज बिटर्स या संत्र्याच्या कडू अर्काचे दोन झटके, बर्फावर ढवळून, वर लिंबाची साल. इथे साखरेची वडी किंवा सिरप काहीच नको. मोल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, वास आणि फुलातला मध एकमेकांना ओळखतात.

जिनशी याचं इतकं का जमतं, तर धण्यामुळे. बहुतेक जिनमध्ये जुनिपरच्या खालोखाल धणे असतात आणि धण्याचा मुख्य वास लिनालूलचा, जो या फुलातही आहे. दोघांमध्ये एक धागा आधीपासून सामाईक असतो. मस्कट द्राक्षापासून काढलेली पिस्को ही ब्रँडी याच कारणाने माझी आवडती जोडीदार आहे. व्होडका चालते, पण ती स्वतःचं काही सांगत नाही, म्हणून तिथे माप चुकलं की लगेच उघडं पडतं. पांढरी टकीला चांगली, विशेषतः काकडीबरोबर.

आणि मेझकाल, ही मेक्सिकोची धुरकट वासाची दारू. बोस्टनच्या बारटेंडर मिस्टी काल्कोफेन यांचं मॅक्सिमिलियन अफेअर हे कॉकटेल एकदा तरी करून बघा: मेझकाल, एल्डरफ्लॉवर लिकर, पुन्त ए मेस हा कडवट व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) आणि थोडं लिंबू. यात लिकरचं माप माझ्या १५ मिलीच्या सवयीपेक्षा बरंच मोठं आहे, तरी ते अत्तर होत नाही. एका बाजूने धूर, दुसऱ्या बाजूने कडू, दोघे मिळून फुलाला जागेवर ठेवतात. माझा नियम मोडायचा असेल तर असा मोडावा, समोर तितक्याच ताकदीचं काहीतरी उभं करून.

कडूची गोष्ट निघालीच आहे तर व्हाइट निग्रोनी या कॉकटेलचं सांगतो. बारटेंडर वेन कॉलिन्स यांनी २००१ मध्ये जिन, लिले ब्लां ही स्वाद दिलेली पांढरी वाइन आणि सूझ घेऊन ते बनवलं. सूझ हे लिकर जेन्शन या मुळाचं, चांगलंच कडू आणि मातकट. नवख्या माणसाला ते जड जातं. त्यात फक्त ५ मिली एल्डरफ्लॉवर लिकर घालून ढवळा. पेय गोड होत नाही, त्यात फूल आहे हेही कोणी ओळखत नाही, पण मुळाचा मातकटपणा मऊ होतो. मला विचाराल तर या लिकरचा सगळ्यात सुंदर उपयोग हाच, चमचाभर आणि अदृश्य.

लिंबाबद्दल दोन वाक्यं. पिवळं लिंबू या फुलाला खुलवतं. हिरव्या लिंबाच्या (लाइमच्या) रसाला स्वतःचा कडसर, सालीचा वास असतो आणि तो फुलाच्या नाजूक बाजूवर चढतो. हिरवंच वापरायचं तर सोबत पुदिना किंवा काकडी द्या, म्हणजे पेयाचा कल हिरव्याकडे जाईल आणि भांडण होणार नाही.

बुडबुड्यांची पेयं हा या लिकरचा खरा घरचा प्रांत, कारण वायू सुगंध उचलून थेट नाकापर्यंत नेतो. ह्यूगो तुम्ही ऐकलं असेल. इटलीच्या उत्तरेला दक्षिण टिरोलमधल्या नाटुर्न्स गावात रोलांड ग्रूबर यांनी २००५ मध्ये ते बनवलं. मूळ पेयात लेमन बाम या लिंबासारख्या वासाच्या पाल्याचं सिरप होतं, त्याच्या जागी एल्डरफ्लॉवर सिरप नंतर रुळलं आणि अनेक बारमध्ये आता सिरपऐवजी लिकर असतं. माझी मापं: ३० मिली लिकर, ९० मिली प्रोसेको (इटलीची बुडबुड्यांची वाइन), ४५ मिली सोडा, मोठ्या वाइन ग्लासात बर्फावर, पुदिन्याची डहाळी आणि लिंबाची चकती. पुदिना कुटू नका. तळहातावर एकदा थोपटून ठेवा, कुटलेला पुदिना बाकी सगळं गिळून टाकतो. प्रोसेको घेताना लेबल नीट वाचा. 'एक्स्ट्रा ड्राय' नावावरून कोरडी वाटते, पण ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते. लिकर घालणार असाल तर ब्रूटच घ्या.

हे लिकर बारमध्ये इतकं पसरलं कसं, तेही सांगतो. फुलाचं सिरप युरोपात जुनंच आहे. इंग्लंडमध्ये, जर्मनभाषक प्रदेशात, स्वीडनमध्ये घरोघरी होतं, आणि रोमानियात फुलं, साखर, लिंबू आंबवून सोकाता नावाचं फसफसणारं पेय करतात. बारटेंडरांच्या हाती मात्र ते खऱ्या अर्थाने आलं २००७ मध्ये, रॉबर्ट कूपर यांनी सेंट-जर्मेन हे एल्डरफ्लॉवर लिकर बाजारात आणलं तेव्हा. ते जवळजवळ कशातही घातलं की लोकांना आवडायचं. काही वर्षांतच धंद्यातले लोक त्याला 'बारटेंडरचा केचप' म्हणू लागले. २०१३ मध्ये बकार्डीने तो ब्रँड घेतला. आज फ्रान्सच्या जिफारसह इतरांचीही एल्डरफ्लॉवर लिकर्स मिळतात आणि ती एकसारखी नाहीत. काही ताज्या फुलांकडे आणि नाशपतीकडे झुकतात, काही वाळलेल्या फुलांसारखी, गवताच्या आणि कॅमोमाइल चहाच्या वळणाची असतात. नवी बाटली उघडली की आधी ती नुसती चाखा, मग बरोबरीने पाणी घालून, मग त्यात लिंबाचे दोन-तीन थेंब टाकून. पाण्यात फूल टिकलं आणि लिंबाने उजळलं तर बाटली चांगली. लिंबू पडताच नुसती साखर उरली तर ती फक्त टॉनिकसाठी ठेवा.

एक घोटाळा टाळा: सांबुका हे इटालियन लिकर नावाने जवळचं वाटलं तरी चवीने बडीशेपेच्या कुळातलं आहे. अल्कोहोल किमान ३८ टक्के, साखर लिटरला किमान ३५० ग्रॅम. कृतीत एकाच्या जागी दुसरं कधीच चालणार नाही.

बाटलीचा वास उतरला म्हणालात, ते अपेक्षित आहे. २० टक्के अल्कोहोल आणि बेताची साखर लिकरला नासू देत नाही, पण हवा आणि उजेडापासून सुगंध वाचवू शकत नाही. रंगावर लक्ष ठेवा. फिकट गवती सोनेरी रंग हळूहळू अंबरकडे सरकला की वासही मध आणि शिजलेल्या फळाकडे गेलेला असतो. एका उन्हाळ्यात मी एक बाटली दिव्याखालच्या फळीवर शोभेला ठेवली होती. हंगाम संपायच्या आत तिचा चहा झाला. उघडली की फ्रीजमध्ये ठेवा, बूच घट्ट लावा, आणि सहा महिन्यांत संपवायचा बेत करा. निम्म्याखाली आली की छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून ठेवलीत तर आणखी बरं. उतरलेली बाटली फेकू नका. स्कॉचच्या त्या १० मिलीसाठी ती अजून उत्तम आहे.

एल्डरफ्लॉवर सिरप चालेल का? चालेल, पण माप तेच ठेवून नाही. कृतीत २० मिली लिकर असेल तर त्याऐवजी साधारण ६ मिली सिरप आणि १० मिली व्होडका घ्या. साखर आणि अल्कोहोल दोन्ही जवळपास तेवढंच येतं, उरलेलं पाणी बर्फ देतो. हे गणित समान वजनाच्या साखर-पाण्याच्या सिरपचं आहे. विकतच्या सिरपमध्ये साखर कमी-जास्त असते, लेबलवरचा आकडा बघून बदला. दुसरं म्हणजे या सिरपमध्ये बहुधा सायट्रिक ॲसिड असतंच. लिंबू नेहमीपेक्षा पाव भाग कमी घाला आणि चाखून वाढवा. फुगेदार, अल्कोहोल नसलेल्या पेयांसाठी तर सिरप लिकरपेक्षा सरसच आहे.

घरी करायचं असेल तर सगळ्यात आधी झाडाची खात्री. एल्डर हे लाकडी फांद्यांचं झुडूप आहे. जमिनीतून हिरव्या देठावर उगवणाऱ्या, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांच्या वनस्पतींमध्ये हेमलॉकसारखी अतिविषारी झाडं आहेत, आणि बुटका एल्डर, सांबुकस एब्युलस, हाही विषारी आहे. ओळख पक्की नसेल तर तोडू नका, अनुभवी माणसाला दाखवा. खऱ्या एल्डरचीही पानं, देठ, साल आणि कच्ची फळं पोटात जाऊ देऊ नयेत, त्यांत सायनाइड सोडणारी संयुगं असतात. म्हणून फुलं काट्याने किंवा बोटांनी देठांवरून ओरबाडून घ्यायची. अगदी बारीक देठाचे तुकडे राहतील तेवढेच.

कोरड्या, उन्हाच्या दिवशी, पूर्ण उमललेले आणि अजून पिवळट सायीच्या रंगाचे गुच्छ घ्या. तपकिरी पडायला लागलेली फुलं मांजराच्या मुतासारखी घाण मारतात आणि ती घाण अल्कोहोलमध्ये इमानाने उतरते. फुलं धुऊ नका, पराग गेला की निम्मा सुगंध गेला. हलकेच झटकून किडे काढा. १५ ते २० गुच्छांची फुलं, एका पिवळ्या लिंबाची पातळ साल आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड बरणीत घालून वर ४० टक्क्यांची ५०० मिली व्होडका ओता. फुलं पूर्ण बुडलेली राहिली पाहिजेत. वर तरंगणारी फुलं हवेने काळी पडतात, म्हणून स्वच्छ बशीने दाबून ठेवा. साखर आत्ता नाही.

२४ तासांनी चाखा, तिसऱ्या दिवसाच्या पुढे नेऊ नका. अनेक जण आठवडेच्या आठवडे ठेवतात, पण मला त्यातून गवत आणि चहाच जास्त मिळाला आहे. आधी मलमलच्या कापडातून आणि मग कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. फुलं थोडी व्होडका पिऊन टाकतात, म्हणून गाळलेला अर्क मोजा आणि त्याच्या दर १०० मिलीला ३६ ग्रॅम साखर आणि ७८ मिली पाणी घ्या. साखर पाण्यात विरघळवून पूर्ण थंड झाल्यावरच मिसळा, गरम पाण्याने सुगंध उडतो. हे मिश्रण २० टक्के अल्कोहोल आणि लिटरला १८० ग्रॅम साखरेच्या जवळ येतं, म्हणजे वरची सगळी मापं जशीच्या तशी लागू पडतील. बाटली भरून आठवडाभर फ्रीजमध्ये राहू द्या. पहिल्या दिवशी व्होडका आणि फूल वेगवेगळे लागतात, आठव्या दिवशी नाही.